‘चावी’ चावण्यावरून आली की लिस्बनहून? लॅटिन ‘क्लाविस’च्या घराण्याबद्दल प्रश्न

आडवाट

‘चावीला दात असतात, ते कुलपात शिरून चावतात, म्हणून ती चावी’ अशी व्युत्पत्ती सध्या फॉरवर्डमध्ये फिरते आहे. शाळेच्या व्याकरणात मात्र चावी हा शब्द बटाटा-पगार-कोबीच्या रांगेत, पोर्तुगीज म्हणून दिलेला असतो. पोर्तुगीज म्हणावे तर पुढचे प्रश्न पडतात.

लिस्बनचा माणूस चावीला ‘शाव्ह’ म्हणतो, त्यात कुठेच च नाही. मग आपल्याकडे च आला कुठून? स्पॅनिशमध्ये ‘यावे’, इटालियनमध्ये ‘क्यावे’, फ्रेंचमध्ये ‘क्ले’, रुमानियनमध्ये ‘केये’. ही सगळी एकाच लॅटिन शब्दाची लेकरे असल्याचे वाचले, पण कानाला पटत नाही. शिवाय स्पॅनिश कोशात या एका शब्दाखाली चावी, पाना, नळाचा कॉक, कुस्तीतली पकड आणि महिरपी कंस एवढे सगळे अर्थ आहेत. आणि आपली ‘किल्ली’ याच घरातली का?

जाणकारांनी जरा विस्ताराने सांगावे. ‘गूगल करा’ हे उत्तर नको.

तळटीप

चावण्याचा संबंध नाही, हे आधी मिटवू. मराठीत क्रियापदावरून साधनाचे नाव करायचे तर सहसा ‘-णी’ लागते: चाळणी, किसणी, गाळणी, फुंकणी. चावण्यावरून नाव पडले असते तर ‘चावणी’ झाले असते. दुसरे असे की गुजरातीत चावी, हिंदीत चाबी, बंगालीत चाबि, तमिळमध्येही सावी/चावी आहे. म्हणजे हा शब्द एकट्या मराठीचा नाही. मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो हे गोव्यातल्या आसगावचे. आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांची मोजदाद त्यांनी १९१३ साली छापली. तेव्हापासून या बाबतीत फारसा वाद उरलेला नाही.

आता मूळ. लॅटिन शब्द ‘क्लाविस’, स्त्रीलिंगी. पण रोमान्स भाषांतले, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या भाषांतले, बहुतेक शब्द कर्त्याच्या रूपावरून आलेले नाहीत, कर्माच्या रूपावरून आले आहेत. म्हणून हिशोब ‘क्लावेम’पासून धरायचा. शेवटचा म् बोलण्यातून लवकरच गळला, राहिले ‘क्लावे’. सगळी गंमत सुरुवातीच्या ‘क्ल’मध्ये आहे.

‘क्’च्या मागून येणारा ‘ल्’ बऱ्याच प्रदेशांत जिभेचा मधला भाग टाळूला चिकटवून, ‘ल्य’सारखा उच्चारला जाऊ लागला: ‘क्ल्यावे’. इथून वाटा फुटतात. इटलीत ‘ल्य’चा नुसता ‘य’ उरला: क्यावे. रुमानियनमध्येही तेच झाले, पुढे स्वर बदलून केये. स्पेनमध्ये ‘क्’ गळून ‘ल्य’ उरला: ल्यावे. लिहिताना आजही दोन एल लिहितात, बोलताना बहुतेकांच्या तोंडी तो ‘यावे’ होतो. पोर्तुगाल आणि त्याच्या डोक्यावरच्या, स्पेनमधल्या गॅलिसियात ‘क्ल्य’ हा सगळा जोड घट्ट होऊन ‘च’ झाला: चावे. उत्तर फ्रान्स आणि कातालोनियात ‘क्ल’ला हातच लागला नाही. तिथे बदल झाले ते शब्दाच्या पुढच्या भागात. फ्रेंचमध्ये मोकळ्या (मागून व्यंजनाने बंद न झालेल्या) अवयवातला आ ‘ए’कडे गेला (समुद्राचा ‘मारे’ झाला ‘मेर’) आणि शेवटी उघडा पडलेला व ‘फ’ झाला. त्यातून ‘क्लेफ’. नंतर तो फही मुका झाला. फ्रेंच लोक आज हा शब्द एफसकट आणि एफविना असा दोन्ही तऱ्हांनी लिहितात, उच्चार एकच, ‘क्ले’. कातालानमध्ये ‘क्लाउ’, ईशान्य इटलीतल्या फ्रिउलीत ‘क्लाफ’, सार्डिनियात ‘क्राए’.

कानाला पटत नाही म्हणता, तर हाच प्रकार आपल्या अंगणात बघा. संस्कृत क्ष. क्षेत्राचे मराठीत शेत, हिंदीत खेत. मक्षिकेची माशी आणि मक्खी. कुक्षीची कूस आणि कोख. इक्षूचा ऊस आणि ईख. ‘ऊस’ आणि ‘ईख’ शेजारी ठेवले तर कुणाला नाते दिसेल? पण चार जोड्या एका ओळीत ठेवल्या की क्ष इकडे श-स झाला आणि तिकडे ख झाला, हे डोळ्यांत भरते. (मराठीत ‘खीर’ आहे ना, असे कुणी म्हणेलच. आहे. असे पाहुणे प्रत्येक भाषेत निघतात.)

‘क्ल’चेही तसेच. हाक मारणे या अर्थाचे लॅटिन ‘क्लामारे’ घ्या: जुन्या पोर्तुगीजमध्ये चामार, स्पॅनिश यामार, इटालियन क्यामारे, रुमानियन केमा. ‘प्ल’ आणि ‘फ्ल’ यांनीही हीच वाट धरली. भरलेला, ‘प्लेनुस’: पोर्तुगीज चेयो, स्पॅनिश येनो, इटालियन प्येनो, फ्रेंच प्लँ. ज्योत, ‘फ्लाम्मा’: चामा, यामा, फ्याम्मा, फ्लाम. पाऊस पडणे: चोवेर, योवेर, प्योवेरे, आणि फ्रेंचमध्ये प्ल तसाच ठेवून प्लव्वार. पोर्तुगीजचे च मी मुद्दाम जुन्या उच्चाराने लिहिले आहेत. आज लिस्बनमध्ये ते सगळे श आहेत.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. पोर्तुगीज लिपीत सी-एच या जोडीचा उच्चार मुळात ‘च’ होता. लिस्बनकडच्या आणि दक्षिणेच्या बोलीत तो १७व्या शतकापासून सैल पडत ‘श’ झाला. गोवा पोर्तुगिजांकडे गेला १५१०मध्ये, चौलला त्यांनी कोट बांधायला घेतला १५२१मध्ये, वसई त्यांना मिळाली १५३४मध्ये. म्हणजे कोकणपट्टीने शब्द उचलला तेव्हा समोरचा माणूस ‘चावे’ म्हणत होता. पुढे लिस्बनने उच्चार बदलला, आपण बदलला नाही. कोकणीत टोपीला ‘चेपें’ म्हणतात, तेही पोर्तुगीज शब्दावरून. आजचा लिस्बनवाला तो ‘शापेव’ असा म्हणतो.

शेवटच्या ‘ए’ची मराठीत ‘ई’ होणे हे नेहमीचेच. बाल्दे-बालदी, पाद्रे-पाद्री, कोव्-ए वरून कोबी. लिंगही टिकले: पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी, मराठीतही ती चावी.

लिमलेट

चावीतला च काही जण ‘चाक’मधल्यासारखा म्हणतात, काही जण ‘चहा’मधल्यासारखा. मूळ पोर्तुगीज कुठला?

तळटीप

चहातला. चाकातला च हा दंततालव्य, आपल्या मराठीची खास देणगी. कुठल्याही नवख्या शब्दात ‘चा’ आला की तो तिकडे झुकायला बघतो. मुद्द्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, कारण दोन्हींत जीभ आधी पूर्ण टेकते आणि मग सुटते. श म्हणताना ती टेकतच नाही. ‘श’ ऐकून मराठी माणसाने ‘च’ केला असता याला काही कारण नाही, आपल्याकडे श मुबलक आहे.

इंदीवर

वरचे विवेचन पटले, पण कालनिर्णय जरा घाईचा वाटतो. ‘च’चा ‘श’ सगळ्या पोर्तुगालात झाला नाही. उत्तरेकडे, मिन्यो आणि त्राझ-उझ-मोंतिश भागात, काही ठिकाणी जुना च आजही ऐकू येतो. गॅलिसियन तर सरसकट ‘चाबे’च म्हणतात. वसईच्या कोटात १७००च्या सुमारास एखादा उत्तरेकडचा शिपाई असेल तर तोही ‘चावे’च म्हणेल. तेव्हा च वरून एवढेच म्हणता येते की शब्द देणाऱ्याच्या तोंडी च होता. ‘१६व्या शतकातच घेतला’ हे नुसत्या च वरून सिद्ध होत नाही.

आणखी एक. शाळेच्या ज्या यादीचा उल्लेख झाला, तिच्यावर फार विसंबू नये. तिच्यात ‘मेज’ही पोर्तुगीज म्हणून असतो. पोर्तुगीज ‘मेझा’शी तो जुळतो खरा, पण फारसीत मेज हा शब्द स्वतंत्रपणे आणि जुना आहे, आणि मराठी दरबारी भाषेत फारसी शब्द काय थोडे आले? खमीसचेही तसेच. लॅटिन ‘कामिसिया’ अरबीत ‘कमीस’ होऊन पूर्वेकडे आला आणि पोर्तुगीज ‘कामिझा’ होऊन पश्चिमेकडून, दोन्ही वाटांनी. त्यामानाने चावीचे प्रकरण स्वच्छ आहे, कारण फारसी-अरबीत तिच्यासारखा दिसणारा चावीवाचक शब्दच नाही.

तळटीप

मान्य. ‘बहुधा १६वे-१७वे शतक’ असे वाचावे. १७३९मध्ये वसई मराठ्यांकडे आली, तोपर्यंतची दोनशे वर्षे उघडीच आहेत.

पेचकस

अर्थांच्या जंगलाबद्दल मी लिहितो. स्पॅनिश-पोर्तुगीज तांत्रिक मजकुराचे भाषांतर करताना सगळ्यात जास्त घसरगुंडी इथेच होते.

मूळ कल्पना ‘अडकवून फिरवायची वस्तू’ अशी धरा, म्हणजे निम्मे अर्थ आपोआप लागतात. नट फिरवतो तो पाना, म्हणून स्पॅनिश यावे, पोर्तुगीज शाव्ह, इटालियन क्यावे, फ्रेंच क्ले, रुमानियन केये हे सगळे पानाही आहेत. फ्रेंच मेकॅनिक ‘बाराची क्ले’ मागतो तेव्हा त्याला बारा मिलिमीटरचा पाना हवा असतो. जबडा सरकवता येतो त्या पान्याला स्पेन, पोर्तुगाल, इटली, फ्रान्स सगळीकडे ‘इंग्रजी चावी’ म्हणतात. रुमानियात मात्र तोच पाना ‘फ्रेंच चावी’. ज्याच्याकडून आला त्याचे नाव लागले म्हणा, किंवा ज्याच्यावर खापर फोडायचे त्याचे.

पोर्तुगीज एक पाऊल पुढे जाऊन स्क्रू ड्रायव्हरलाही शाव्हच म्हणते: ब्राझीलमध्ये ‘शावी जी फेंदा’, म्हणजे खाचेची चावी. त्यामुळे पोर्तुगीज मॅन्युअलमध्ये नुसते ‘शाव्ह’ आले तर पुढचा शब्द वाचल्याशिवाय भाषांतर करू नका. पुढे ‘खाच’ असेल तर स्क्रू ड्रायव्हर, ‘तोंडे’ असेल तर उघडा पाना, आकडा असेल तर पान्याचे माप, आणि काहीच नसेल तरच बहुधा चावी. स्पॅनिशमध्ये हा घोळ कमी. तिथे स्क्रू ड्रायव्हरला वेगळा शब्द आहे, ‘देस्तोर्नियादोर’.

पाणी: स्पॅनिशमध्ये ‘यावे दे पासो’ म्हणजे घराचे किंवा शाखेचे पाणी बंद करायचा कॉक. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी साध्या नळालाही यावे म्हणतात. स्पेनमध्ये नळ म्हणजे ‘ग्रिफो’. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. मुंबईत महापालिकेचा जो माणूस ठरलेल्या वेळी येऊन गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवतो त्याला आपण चावीवालाच म्हणतो. घड्याळाला चावी देतो, एखाद्याला चावी मारून सोडून देतो.

कुस्ती-ज्युडोतली यावे म्हणजे सांध्याला अडकवून पिळलेली पकड. कल्पना तीच. महिरपी कंस हे आकारावरून, स्पॅनिशमध्ये यावेस आणि ब्राझीलमध्ये शाविस, दोन्ही अनेकवचनी. प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात ‘चाव्या उघडा, चाव्या बंद करा’ असे यंत्रभाषांतर दिसले तर दचकू नका, कंसांबद्दल चालले आहे.

ब्राझीलमधला नवा अर्थ: ‘पिक्स’ ही तिथली झटपट पैसे पाठवायची पद्धत २०२०च्या नोव्हेंबरपासून आहे. तिच्यात फोन नंबर, ईमेल किंवा करओळख क्रमांक खात्याला जोडतात, त्याला ‘शावी पिक्स’ म्हणतात. आपल्या यूपीआय आयडीचे जे काम तेच. तिथे ‘शावी काय?’ असे दुकानदार विचारतो तेव्हा घराची चावी काढायची नसते.

आता जिथे ‘चावी’ चालत नाही त्या जागा.

कीबोर्डची की. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘तेक्ला’, इटालियनमध्ये ‘तास्तो’, फ्रेंचमध्ये ‘तूश’. यावे-शाव्ह-क्यावे-क्ले इथे सरळ चूक. गंमत अशी की फ्रेंच कीबोर्डचे नाव ‘क्लाव्ये’ हे क्लाविसवरूनच आहे, पण त्याच्यावरच्या एकेका कळीला क्ले म्हणत नाहीत. मराठीनेही कळफलक केला, चावीफलक नाही.

पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलेखनात ओळींच्या सुरुवातीला असते ती खूण. फ्रेंच क्ले, इटालियन क्यावे, रुमानियन केये, इथवर ठीक. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये मात्र ‘क्लावे’. तिथे यावे किंवा शाव्ह लिहिले की वादक हसतो. ‘कळीचा शब्द’, ‘कळीचा मुद्दा’ यातला ‘कळीचा’ही स्पॅनिशमध्ये क्लावे. पोर्तुगीजमध्ये उलट: ‘पालाव्रा-शाव्ह’.

कमानीच्या माथ्यावरचा पाचरीसारखा दगड, जो बसला की कमान स्वतःला तोलते, त्याला फ्रेंच-इटालियनमध्ये ‘घुमटाची चावी’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये पुन्हा क्लावे.

चाव्यांच्या किचेनला स्पॅनिशमध्ये ‘यावेरो’, ब्राझीलमध्ये ‘शावेइरो’. पण ब्राझीलमध्ये शावेइरो म्हणजे चाव्या बनवून देणारा माणूससुद्धा. स्पेनमध्ये त्याला ‘थेर्राखेरो’ म्हणतात, यावेरो म्हटले तर किचेनच हातात येईल.

इटालियनसाठी एक धोक्याची सूचना. क्यावेवरून क्रियापद बनवायच्या मोहात पडू नका. ‘क्यावारे’ असे क्रियापद आहे, पण आजच्या इटालियनमध्ये ती चारचौघांत न उच्चारायची शिवी आहे. कुलूप लावले असे सांगायचे तर ‘क्यूदेरे आ क्यावे’, चावीने बंद करणे, असे पूर्ण म्हणा.

आडवाट

बरेच धुके गेले. पण स्पॅनिशमध्ये यावे आणि क्लावे असे दोन कसे? तळटीप यांचा नियम तर ‘क्ल’चा ‘ल्य’ होतो असा होता.

तळटीप

कान्हा, किसन आणि कृष्ण हे तिन्ही मराठीत एकाच वेळी नांदतात ना? कान्हा तोंडातोंडी झिजत आला, किसन मधल्या काळात अर्धवट झिजला, कृष्ण पोथीतून सरळ उचलला. रोमान्स भाषांतही हेच तीन थर आहेत. यावे हा तद्भव. क्लावे हा तत्सम, शिकलेल्यांनी लॅटिन ग्रंथांतून पुन्हा आणलेला. म्हणून रोजच्या हाताळणीची वस्तू ती यावे, आणि गूढलिपी, संगीत, शास्त्र अशा कागदी अर्थांना क्लावे. वर पेचकस यांनी दिलेल्या याद्या याच रेषेवर तुटतात बघा.

पोर्तुगीजमध्ये मधला थरही स्पष्ट दिसतो. तिथे ‘ल’चा ‘र’ होतो. लॅटिनमध्ये क्लाविसचा सख्खा नातलग ‘क्लावुस’ आहे, म्हणजे खिळा. त्याचा नियमाने ‘चावो’ व्हायला हवा होता, झाला ‘क्रावो’. क्रावो म्हणजे नालाचा खिळा, लवंग आणि कार्नेशनचे फूल. लवंगेला खिळ्याचे नाव का, हे ती हातात घेतली की कळते: दांडी आणि वर डोके. फ्रेंचमध्ये लवंग ‘क्लू द जिरोफ्ल’ आहे, त्यातला क्लू म्हणजे खिळाच, आणि इंग्रजांचा ‘क्लोव्ह’ त्या क्लूवरून. २५ एप्रिल १९७४ला लिस्बनमध्ये हुकूमशाही उलथवणाऱ्या सैनिकांच्या बंदुकांत खोचलेली फुले तीच, क्रावो. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले. हे विषयांतर आहे, पण राहवले नाही.

कातालानमध्ये क्लाविस आणि क्लावुस झिजून एकच झाले: क्लाउ. ‘ला क्लाउ’ म्हणजे चावी, ‘एल क्लाउ’ म्हणजे खिळा. उपपद चुकले की सुतार चावीऐवजी खिळा देणार.

एखादा शब्द स्वतः तपासायचा असेल तर मी या क्रमाने जातो. लॅटिन शब्दाचे कर्माचे रूप घ्यायचे. जोडाक्षर शब्दाच्या सुरुवातीला आहे की मध्ये, ते पाहायचे, कारण मधल्या ‘क्ल’चा नियम निराळा आहे: ‘ओकुलुम’, म्हणजे डोळा, झिजून ‘ओक्लु’ झाला आणि त्याचा पोर्तुगीजमध्ये ‘ओल्यु’, स्पॅनिशमध्ये ‘ओखो’, इटालियनमध्ये ‘ओक्यो’. मग त्याच जोडाक्षराचे निदान तीन शब्द शेजारी ठेवायचे. एक जोडी जुळली म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. जो शब्द नियम मोडतो तो तत्सम आहे का, शेजारच्या भाषेतून घेतलेला आहे का, हे बघायचे. लिंग सगळ्यात शेवटी.

हे सगळे एका शब्दात बघायचे तर पोर्तुगीज ‘शावेल्या’ घ्या, जुना उच्चार चावेल्या. बैलगाडीच्या दांडीत घालायची खुंटी. मूळ लॅटिन ‘क्लाविकुला’, छोटी चावी. झिजून ‘क्लाविक्ला’. सुरुवातीच्या क्लचा च, मधल्या क्लचा ल्य. दोन्ही नियम, एकच खुंटी. त्याच क्लाविकुलावरून फ्रेंचमध्ये ‘शव्हीय्’ आला, खुंटी आणि पायाचा घोटा. इथला श मात्र पोर्तुगीज श नव्हे. दोन ‘ल’ जवळ आल्याने पहिला गळला, ‘काविक्ला’ उरले, आणि फ्रेंचमध्ये ‘का’चा ‘चा’ आणि पुढे ‘श’ होतो (घोडा ‘काबाल्लुस’, फ्रेंच ‘श्वाल’). श दोन्हीकडे दिसतो म्हणून वाटही एकच धरायची नाही. ब्वेनोस आइरेसमध्ये तर आज स्पॅनिश यावेचाच उच्चार ‘शावे’ करतात, कारण तिथे दोन एलचा ‘य’ घासून ‘श’ झाला आहे. लिस्बनचा शाव्ह आणि ब्वेनोस आइरेसचा शावे जवळजवळ सारखे ऐकू येतात, पण एक ‘च’मधून आला आणि दुसरा ‘ल्य’मधून.

कडीकोयंडा

किल्लीबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून. किल्ली संस्कृत कील, कीलिका यांवरून: खुंटी, खीळ, अडसर. लॅटिनशी तिचे नाते नाही. ‘किल्ल्याची ती किल्ली’ हेही खोटे, किल्ला अरबी ‘कलआ’वरून आहे. पण कल्पनेचा योगायोग सुंदर आहे: दाराला आतून खुंटी घालायची, बाहेरून ती आकड्याने सरकवायची, अशी कुलपे जुन्या जगात बऱ्याच ठिकाणी होती. त्यामुळे चावीचे नाव लॅटिनमध्ये खिळ्याच्या शेजारी बसते आणि मराठीत खुंटीच्या.

लॅटिन क्लाविसचा खरा भाऊ ग्रीकमध्ये आहे, ‘क्लेइस’. तो फारसीत ‘कलीद’ होऊन आला. रशियन ‘क्ल्युच’ही त्याच कुळातला. आपले कुलूप मात्र अरबी ‘कुफ्ल’, फ आणि ल यांनी जागा बदलून. म्हणजे मराठी दारावर अरबी कुलूप लटकते आणि ते उघडायला पोर्तुगीज चावी किंवा देशी किल्ली, जी जुडग्यात सापडेल ती.

लिमलेट

‘कॉन्क्लेव्ह’ आणि ‘एन्क्लेव्ह’ यांतला ‘क्लेव्ह’ हाच का?

इंदीवर

हाच. ‘कोन्क्लावे’ म्हणजे लॅटिनमध्ये चावीने बंद होणारी खोली. १२६८मध्ये पोप चौथे क्लेमेंट वारल्यावर इटलीतल्या वितेर्बोला कार्डिनलांची निवडणूक पावणेतीन वर्षे रेंगाळली, शेवटी लोकांनी त्यांना कोंडून घातले. निवडून आलेल्या दहाव्या ग्रेगरीने १२७४मध्ये कोंडण्याचाच नियम केला: तीन दिवसांत निर्णय नाही तर जेवणात एकच पदार्थ, पुढच्या पाच दिवसांतही नाही तर नुसते पाव, पाणी आणि वाइन. हल्ली पंचतारांकित हॉटेलात दोन दिवस बुफे जेवून जे होते त्याला कॉन्क्लेव्ह का म्हणतात, कोण जाणे.

एन्क्लेव्ह फ्रेंच ‘आंक्लाव्हे’वरून, चावीने आत बंद करणे. आपल्याजवळचे उदाहरण दादरा आणि नगर हवेलीचे. सत्ता पोर्तुगिजांची, पण चहूबाजूंनी भारत, समुद्र नाही. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही भाग मुक्त झाले. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो नेमका वाटेच्या हक्कासाठी. १२ एप्रिल १९६०च्या निकालात नागरिक, मुलकी अधिकारी आणि मालापुरता तो हक्क मान्य झाला, सशस्त्र दलांसाठी नाही, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही असेही ठरले.

आडवाट

शेवटचा प्रश्न. उत्तर पोर्तुगालात ‘शाविश’ नावाचे शहर आहे, लिहितात हुबेहूब ‘चाव्या’ असेच. तेही क्लाविसवरून?

तळटीप

नाही. रोमनांनी त्या गावाला तिथल्या गरम झऱ्यांवरून ‘आक्वे फ्लाविये’ म्हटले, फ्लावियसांचे पाणी. सम्राट वेस्पासियन त्या घराण्याचा. पुढे पाणी गळले, फ्लाविस उरले, आणि ‘फ्ल’चा च झाला, फ्लाम्माचा चामा झाला तसाच. त्या गावाच्या नावात चावी नाही, फक्त तिचा च आहे. आणि गाव त्राझ-उझ-मोंतिशमध्ये आहे, जिथे इंदीवर म्हणतात तसा तो च काही म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून च आहे.